कंस नसतील तर अर्थ कोणता?

‘अँड, ऑर, नॉट हे शब्द सर्वांना कळतात, त्यामुळे क्वेरीच्या व्याकरणात वेगळे काही शिकवावे लागत नाही’ हे शोध-इंजिनांच्या क्वेरींवरील (शोधासाठी टाइप केलेल्या ओळींवरील) लेखातील विधान मला पटले नाही. शब्द कळतात, पण कंस न घालता ते एकत्र लिहिले की अर्थ कोणता लागतो, हे प्रत्येक इंजिन आपल्या परीने ठरवते. ल्युसीन या शोध-लायब्ररीचा क्लासिक क्वेरी पार्सर (क्वेरीचा अर्थ लावणारा भाग) प्रत्येक शब्दाला आवश्यक, ऐच्छिक किंवा वर्ज्य अशी खूण लावतो; त्यामुळे ‘कर्ज ऑर व्याज अँड माफी’ या क्वेरीत शेवटचे दोन शब्द आवश्यक ठरतात आणि फक्त ‘कर्ज’ असलेला दस्तऐवज निकालात येतच नाही, जरी बूलीय तर्कानुसार (आधी अँड, मग ऑर) तो यायला हवा.

विरामचिन्हांबद्दल तर लेखात काहीच नाही. मी एका दस्तऐवज-संग्रहाच्या शोधाचे काम पाहत असताना लोक अहवालांची शीर्षके जशीच्या तशी चिकटवत. त्यांतील अपूर्णविरामाआधीचा (:) शब्द इंजिनला फील्डचे, म्हणजे शीर्षक किंवा लेखक अशा रकान्याचे, नाव वाटे, तसे फील्ड नसल्याने आणि सर्व शब्द आवश्यक धरलेले असल्याने निकाल शून्य येई, आणि चुकीचा संदेशही दिसत नसे. शेवटी आम्ही ठरलेल्या फील्डांच्या नावांपुढेच या चिन्हाला विशेष अर्थ दिला. इलॅस्टिकसर्च या शोध-इंजिनातील ‘सिंपल क्वेरी स्ट्रिंग’ हा क्वेरीचा प्रकार व्याकरणात न बसणारा भाग गाळून पुढे जातो. तो मार्ग सोयीचा असला तरी काय गाळले हे वापरकर्त्याला दाखवलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.