आधी पायऱ्या, मग जहाज

इंग्लंडमधल्या लेस्टरहून हिंक्लेच्या दिशेने निघाले की अर्ध्या तासात स्टोनी स्टॅन्टन नावाचे गाव लागते आणि गावाला लागूनच स्टोनी कोव्ह. एके काळी ही ग्रॅनाइटची खाण होती. खाण चालू होती तोवर झऱ्यांचे पाणी पंप लावून सतत बाहेर फेकावे लागे. १९५८ मध्ये काम बंद झाले, पंप थांबले आणि खाण भरू लागली. आज देशातल्या समुद्रापासून अगदी दूरच्या या भागात, चहूबाजूंनी शेते असलेल्या ठिकाणी, शनिवारी सकाळी गाड्यांची रांग लागते आणि शेकडो माणसे स्कूबा डायव्हिंगसाठी पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून त्या थंड, हिरवट पाण्यात उतरतात. गेली अकरा वर्षे मी त्यांच्यापैकी एक आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणी पाहत वाढलेल्या मुलाने पुढे परदेशात येऊन खाणीतच पोहायला शिकावे, याचे माझ्या आईला अजूनही नवल वाटते आणि थोडी भीतीही वाटते. तिच्या भीतीला कारण आहे. आम्ही शाळेत असताना वरच्या वर्गातला एक मुलगा अशाच एका खाणीत बुडाला होता.

आमचा डायव्हिंग क्लब इतर खाणींवरही जातो. त्यांपैकी एका खाणीच्या चालकांनी गेल्या हिवाळ्यात नेहमी येणाऱ्या क्लबांना विचारले की, हाती असलेल्या पैशात कोणती सुधारणा करावी. क्लबात सरळ दोन पक्ष पडले. तरुण सभासदांना तळाशी आणखी एखादे जहाज किंवा विमानाचा सांगाडा हवा होता, कारण पाण्याखाली पाहण्यासारखे काही असेल तर लोक येतील, आणि लोक आले तर बाकीच्या गोष्टींनाही पैसा उपलब्ध होईल. दुसऱ्या पक्षाने, ज्यात मी होतो, उबदार आणि आडोशाची कपडे बदलण्याची खोली, पाण्यात उतरण्यासाठी रुंद, खरबरीत पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा आणि व्हीलचेअरवरून येणाऱ्यांसाठी पाळणा मागितला. पहिल्या पक्षाचे म्हणणे चुकीचे नव्हते. स्टोनी कोव्हमध्ये २००० साली 'स्टॅनगार्थ' नावाची जुनी टगबोट मुद्दाम बुडवली गेली; ती सुमारे २० मीटर खोलीवर आहे आणि आजही कित्येक जण केवळ तिच्यासाठी तेथे येतात.

तरीही मी पायऱ्यांच्या बाजूने का उभा राहिलो, हे सांगण्यासाठी या खेळातले एक साधे सत्य सांगावे लागेल. भरलेला पोलादी सिलिंडर, बुडण्यासाठी कमरेला बांधलेले शिसे, श्वास घेण्याचे यंत्र (रेग्युलेटर) आणि पाणी आत न येणारा ड्रायसूट मिळून माणसाच्या अंगावर ३५ किलोच्या आसपास ओझे होते. पाण्यात ते जाणवत नाही. बाहेर पडताना, म्हणजे हात बधिर झालेले, शरीर थकलेले आणि जानेवारीतले पाणी पाच-सहा अंशांवर असताना, ते सगळे ओझे एका क्षणात परत अंगावर येते आणि पायाखाली शेवाळलेला दगड असतो. चार वर्षांपूर्वी एका खाणीवर मी असाच घसरलो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, सहा महिने पाण्यापासून दूर राहावे लागले. त्या दिवशी मी २५ मीटर खोलीवरून, शरीराला कमी होणाऱ्या दाबाची सवय व्हावी म्हणून वाटेत आवश्यक ते सर्व थांबे घेऊन, अगदी नियमाप्रमाणे वर आलो होतो. अपघात झाला तो काठापासून दोन पावलांवर. तेव्हापासून कोणत्याही पाण्याच्या जागी गेलो की तळाशी काय आहे हे विचारण्याआधी मी काठ पाहतो.

महाराष्ट्रातल्या बातम्याही मी आता याच नजरेने वाचतो. २०२२ चा मे महिना माझ्या मनातून जात नाही. त्या महिन्याच्या आरंभी डोंबिवलीजवळच्या संदप गावात खदानीवर कपडे धुण्यासाठी गेलेल्या एका कुटुंबातील पाच जण बुडाले. गावात पाण्याची टंचाई होती, म्हणून बायका खदानीवर जात होत्या. त्याच महिन्याच्या अखेरीस तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघे मृत्युमुखी पडले. एक घटना गरजेची, दुसरी हौसेची. एक खदानीतली, दुसरी समुद्रातली. परंतु दोन्ही ठिकाणी मृत्यूने माणसाला काठाजवळच गाठले.

त्यानंतर आपल्याकडे जी चर्चा होते ती ठरलेली आहे. खाणीत कोणी बुडाले की राडारोडा टाकून खाण बुजवा अशी मागणी होते, काही दिवस तारेचे कुंपण लागते, फलक लागतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते कुंपण वाकलेले असते. येथे इंग्लंडचे उदाहरण देऊन आपल्या लोकांना कमी लेखण्याची मला मुळीच इच्छा नाही, कारण येथेही हेच होते. डर्बीशरमधील बक्स्टनजवळ चुनखडीच्या एका जुन्या खाणीतले पाणी निळेशार दिसते, म्हणून लोक लांबून तेथे पोहायला येत. त्या पाण्याचा पीएच ११ च्या वर होता, म्हणजे ते त्वचेला आणि डोळ्यांना भाजणारे होते. फलक लावून उपयोग झाला नाही, तेव्हा स्थानिक परिषदेने २०१३ मध्ये ते पाणी काळ्या रंगाने रंगवले. उन्हाळ्याच्या दिवसांत बंद खाणींमध्ये बुडून मुले मरण्याच्या बातम्या येथेही येतात. फरक इतकाच की, ज्या थोड्या खाणी माणसांसाठी रीतसर उघडल्या गेल्या, त्यांना फाटक आहे, फाटकावर नोंद आहे आणि त्यांच्या काठावर कोणीतरी जबाबदार माणूस दिवसभर उभा आहे.

स्टोनी कोव्हला निसर्गापेक्षा खाणकामाने दिलेली एक देणगी मात्र आपल्याकडे सहसा आढळत नाही. तेथला ग्रॅनाइट टप्प्याटप्प्याने काढला गेला, त्यामुळे पाण्याखाली रुंद ओटे राहिले आहेत: पहिला सहा-सात मीटरवर, दुसरा विसाच्या पुढे आणि त्याखाली सुमारे ३५ मीटरचा तळ. नवशिका पहिल्या ओट्यावर गुडघे टेकून शिकतो. याचे महत्त्व बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे पहिल्या दहा मीटरांतच दाब आणि फुप्फुसातील हवेचे आकारमान सर्वांत झपाट्याने बदलते, आणि चुका होतात त्या तिथेच. पायाखाली जमीन असलेली उथळ जागा ही पाणबुड्याची शाळाच होय. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या खाणी मी पाहिल्या त्या बहुतेक सरळ कापलेल्या. काठावरून एक पाऊल पुढे टाकले की थेट खोल पाणी. ओटे ठेवून खोदण्याची, म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांनी खाली जाण्याची अट आपल्याही खाणकामाच्या नियमांत आहे. ती पाळली गेली असती तर खाण बंद झाल्यावर निदान पहिली काही पावले तरी उथळ राहिली असती.

पाण्यापर्यंत सुरक्षित कसे पोचावे याचे ज्ञान आपल्या प्रदेशाला नवीन आहे असेही नाही. साताऱ्याजवळ लिंब गावातली बारा मोटांची विहीर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पाण्याची पातळी उन्हाळ्यात कितीही खाली गेली तरी पायरी तिच्यापर्यंत नेते. गावोगावच्या बारवा, नद्यांवरचे घाट हे सगळे याच विचारातून बांधले गेले. संदपच्या त्या खदानीला चार पायऱ्या आणि कमरेइतक्या पाण्यात एक ओटा असता तर काय झाले असते, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. नळाला पाणी असते तर त्या बायकांना तेथे जावेच लागले नसते, हे त्याआधीचे उत्तर आहे आणि तेच खरे उत्तर आहे. परंतु नळ येईपर्यंत माणसे त्याच काठावर जाणार असतील, तर काठ तसाच ठेवणे मला क्षम्य वाटत नाही.

काही मित्र उत्साहाने सुचवतात की, पुण्या-ठाण्याच्या खाणींचे स्टोनी कोव्ह करावे. मला हे पटत नाही. ज्या खाणीत सांडपाणी येते, कचरा टाकला जातो, जिथे पावसाळ्यात गाळ उतरतो आणि एक हातभरही दिसत नाही, तिथे हौशी लोकांना तिकीट लावून उतरवणे धोक्याचे होईल. मात्र एखादी स्वच्छ, मोठी खाण निवडून तिचा पहिला हक्क कोणाला द्यावा, हे मी सांगू शकतो. स्टोनी कोव्हचा इतिहास येथे उपयोगी पडतो. हौशी पाणबुड्यांची गर्दी वाढण्याच्या काळातच उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करणारे व्यावसायिक पाणबुडे तेथे तयार झाले. आपल्याकडे धरणात, खाणीत किंवा पुरात कोणी बुडाले की अग्निशमन दलाचे जवान येतात, आणि पुष्कळदा त्यांच्याही आधी गावातलाच एखादा पट्टीचा पोहणारा कमरेला दोर बांधून उडी मारतो. अशा माणसांना गढूळ पाण्यात, दोरीच्या खुणांवर, योग्य सामग्रीसह शोध घेण्याचा सराव कोठे मिळतो? राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, आणि पुण्याच्या परिसरात खाणींना तोटा नाही. एक खाण, तिला पायऱ्या, एक तरंगता धक्का, पाण्याखाली दोन खोलींवर बसवलेले लोखंडी मंच, काठावर प्राणवायूचा संच, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक अग्निशमन केंद्रातून आळीपाळीने येणारे चार-चार जण: याला पर्यटन प्रकल्पाइतका खर्च येणार नाही.

मालवणचा प्रश्न निराळा आहे आणि तेथे मला अधिक जपून बोलावेसे वाटते, कारण तेथल्या लोकांनी जे उभे केले आहे त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील प्रवाळ दाखवणारे बहुसंख्य तरुण मच्छीमार घरांतले, पुष्कळसे गाबीत समाजाचे आहेत. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि तेथे शिकलेली मुले आता इतरांना शिकवतात. सध्या चर्चा आहे ती 'गुलदार'ची. पोलंडमध्ये बांधलेली आणि १९८५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली ही युद्धनौका जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. २०२५ मध्ये ती महामंडळाच्या ताब्यात आली आणि निवती रॉकजवळ तिला जलसमाधी देऊन पाण्याखालचे संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभिंत उभी करण्याची योजना आखली गेली. सुमारे ८४ मीटर लांबीच्या या जहाजापुढे आमची स्टॅनगार्थ होडीच म्हणावी लागेल. मासे तिच्याभोवती घर करतील, नैसर्गिक प्रवाळावर पडणारा पर्यटकांचा भार काहीसा हलका होईल, आणि हे दोन्ही फायदे मला खरे वाटतात.

परंतु वृत्तपत्रांतून आणि नातेवाइकांच्या बोलण्यातून मला जी चर्चा ऐकू येते, ती सगळी जहाजाभोवती फिरते. पर्यटक बोटीत चढणार कोठून, भरतीच्या लाटेत उतरणार कसा, बोटीत माणसे मोजणार कोण, प्राणवायूची नळकांडी प्रत्येक बोटीवर असणार की एका कार्यालयात कुलूपबंद, याबद्दल फारच थोडे बोलले जाते. येथे इंग्लंडमध्ये सिलिंडरची दर अडीच वर्षांनी आतून तपासणी आणि दर पाच वर्षांनी जलदाब चाचणी होते. तारखेचा शिक्का उलटून गेला असेल तर हवा भरणारा माणूस, तुमची-त्याची वीस वर्षांची ओळख असली तरी, तो सिलिंडर हातात घेत नाही. असा माणूस हीसुद्धा एक सुविधाच आहे आणि ती उभारायला जहाज लागत नाही. गुलदारचा निधी जेवढा जहाजाच्या स्वच्छतेवर आणि ओढून नेण्यावर खर्च होईल, त्याच्या बरोबरीने किनाऱ्यावरच्या धक्क्यावर खर्च व्हावा, आणि धक्का आधी पुरा व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

उलट दिशेनेही सांगायला हवे. स्टोनी कोव्हमध्ये जे मिळते ते सर्वांना मिळत नाही. प्रमाणपत्र हवे, स्वतःचे किंवा भाड्याचे महाग साहित्य हवे, गाडी हवी, आणि पाच अंशांच्या पाण्यात उतरण्याची तयारी हवी. माझी सोलापूरची मावशी वयाच्या ६१ व्या वर्षी मालवणला पाण्याखाली गेली. तिला पोहता येत नाही, समुद्रही तिने त्याआधी दोनदाच पाहिला होता. एका विशीतल्या मुलाने तिचा हात घट्ट धरून तिला काही मीटर खाली नेले, रंगीत मासे दाखवले आणि वर आणले. "ताई, डोळे उघडा, काही होत नाही," असे तो बोटीवर तिला सारखे सांगत होता, हे ती आजही प्रत्येकाला ऐकवते. इंग्लंडच्या कोणत्याही खाणीवर तिला हे अनुभवता आले नसते, आणि येथील काटेकोरपणा तिकडे नेताना तो मुलगा आणि मावशीसारखी माणसे बाहेर फेकली जाणार असतील, तर तो काटेकोरपणा मला नको.

बाहेर आल्यावर मात्र मावशीला कपडे बदलायला जागा नव्हती. ओल्या सलवार-कमीजमध्ये, वाऱ्यात कुडकुडत, ती रिक्षाने मुक्कामाच्या घरापर्यंत आली आणि दोन दिवस तापाने आजारी राहिली. बरोबरच्या बायकांनी टॉवेलचा आडोसा धरला होता, पण तिला संकोच वाटला. येत्या डिसेंबरात मी भारतात येणार आहे आणि तिला पुन्हा मालवणला जायचे आहे. जहाजाबद्दल तिने काही विचारले नाही. तेथे आता बायकांसाठी खोली झाली आहे का, एवढे मालवणला फोन करून विचारून ठेव, असे तिने मला सांगितले आहे.