‘हसरा मुलगा असे करूच शकत नाही’ म्हणणाऱ्यांना

१४ जून जवळ आला, की २०२० मध्ये त्या दिवशी गेलेल्या अभिनेता सुशांत सिंग राजपूतचा हसरा फोटो लावलेला एक मजकूर आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पुन्हा फिरू लागतो. देवस्थानचा ग्रुप, माजी विद्यार्थ्यांचा, घरच्यांचा, सगळीकडे तोच. म्हणणे असे: इतका हसतमुख आणि यशस्वी मुलगा स्वतःचा जीव घेऊच शकत नाही. त्याचा खून झाला आणि तो दडपला गेला. डिप्रेशन म्हणजे पैसेवाल्यांची थेरं. आणि आपण आवाज उठवला त्यात कुणाचे काय बिघडले?

पाठवणारी माणसे वाईट नाहीत. ३४ व्या वर्षी गेलेल्या पोरासाठी त्यांचा जीव खरोखर तुटतो, हे मी जवळून पाहते. पण मजकूर चुकीचा आहे आणि त्याचा त्रास जिवंत माणसांना होतो.

खुनाचे आधी घेते, कारण ते लवकर आटपते. सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑगस्ट २०२० रोजी तपास सीबीआयकडे ठेवला. एम्सच्या डॉक्टरांच्या मंडळाने त्याच वर्षी खुनाची शक्यता नाकारली. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपासबंदीचा अहवाल न्यायालयात दिला. ‘सीबीआय आणा’ म्हणून गळा काढणाऱ्यांनाच आता सीबीआयचे उत्तर नको आहे. मग कुणी सांगितलेले त्यांना पटणार?

आता हसण्याचे. हॉलिवूडचा विनोदी नट रॉबिन विल्यम्स याने साऱ्या जगाला हसवले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये स्वतःचे आयुष्य संपवले. चेहरा पाहून आतले कळत असते तर मानसोपचारतज्ज्ञ लागलेच नसते. मी अकरावी-बारावीला शिकवते. वर्गात सगळ्यात जास्त मस्करी करणारी एक मुलगी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जाऊन औषधे घेत होती. गोळ्यांची पट्टी ती पावडरच्या डब्यात लपवायची. २०२० ची चतुर्थी २२ ऑगस्टला होती. कोविडमुळे कुणी कुणाकडे जात नव्हते, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतात तिच्याखाली घरचीच चार माणसे, आणि बाजूच्या खोलीत टीव्हीवर सुशांतवरून रोज रात्री आरडाओरडा. तिच्या घरात रोज ऐकू यायचे: ‘असली माणसं असं करत नाहीत, हे डिप्रेशन-बिप्रेशन सगळं रचलेलं.’ बोलणारे तिचे काका. घरात कुणाला गोळ्या चालू आहेत हे त्यांना माहीतच नव्हते. तिने त्या महिन्यात गोळ्या बंद केल्या. ‘आपलंही नाटकच असेल, असं वाटलं, टीचर,’ असे ती मला नंतर म्हणाली. आईच्या लक्षात आले म्हणून ती पुन्हा बांबोळीला गेली आणि सावरली. फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावेसे वाटते: तुमच्या ग्रुपवर अशी कुणीतरी असते, आणि ती वाचत असते.

पैसेवाल्यांची थेरं म्हणणाऱ्यांनी त्याच २०२० सालचे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे पाहावेत. देशात १,५३,०५२ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतले जवळपास चौथा हिस्सा रोजंदारीवर पोट भरणारे होते. गृहिणी २२ हजारांवर, विद्यार्थी १२ हजारांवर. यांच्यापैकी कुणासाठी चॅनेलवर एक रात्रही चर्चा झाली नाही, याचा मला आजही राग येतो.

‘कुणाचे काय बिघडले?’ खूप बिघडले. सुशांतची मैत्रीण रिया चक्रवर्ती जवळपास महिनाभर कोठडीत राहिली. कोर्टाने काही म्हणण्याआधीच लोकांनी तिला चेटकीण ठरवून टाकले होते, आणि त्यात बायकाही मागे नव्हत्या. सुशांतच्या मृतदेहाचे फोटो इतके फिरले की महाराष्ट्र सायबर या पोलिसांच्या विभागाला तो गेला त्याच दिवशी ते पसरवू नका म्हणून बजावावे लागले. प्रेस कौन्सिलने तर २०१९ मध्येच सांगून ठेवले होते की आत्महत्येची बातमी भडक करू नये, पुन्हा पुन्हा उगाळू नये, कशी केली ते वर्णन करू नये. ही नुसती सभ्यतेची बाब नाही. विल्यम्स गेल्यानंतरच्या पाच महिन्यांत अमेरिकेत अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्के जास्त आत्महत्या झाल्याचे संशोधकांनी मोजले आहे. आधीच काठावर उभ्या असलेल्या माणसाला अशा बातम्यांचा भडिमार ढकलू शकतो.

एक शेवटचे, कारण मजकुराच्या तळाशी कुणीतरी हमखास ‘आत्महत्या हा गुन्हा आहे’ असेही जोडतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे ११५ वे कलम वाचा. तसा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच कायदा धरून चालतो, त्याला शिक्षा करू नये म्हणतो, आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन सरकारवर सोपवतो. यंदा तो मजकूर ग्रुपवर आला तर त्याखाली १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक टाका. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही उचलतात. आणि घरात कुणाला बांबोळीला जायचे असेल तर सोबत जा.