लाट २०१२ची, जखम त्याआधीची

कोरियन मालिका आवडीनं बघणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत सध्या एक विधान हातोहात फिरतंय: ‘परदेशातल्या कोरियन कलाकारांना आताच मुळं आठवली. देश सोडला, भाषा विसरले, आणि के-पॉपची लाट येताच त्यावर पोळी भाजून घेतायत. वर परंपराही मोडूनतोडून दाखवतात.’ वाचून वाईट वाटलं. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

लाटेचं आधी. ‘गंगनम स्टाइल’ हे कोरियन पॉप गाणं जगभर गाजलं २०१२ साली. अमेरिकेत गेलेले कोरियन शिल्पकार दो हो सुह यांची ‘सोलचं घर’ ही कलाकृती १९९९ची. न्यूयॉर्कच्या गोंगाटात झोप लागेना, तेव्हा शेवटची शांत झोप कुठे लागली होती, हे ते आठवत राहिले. उत्तर होतं आईवडिलांचं हानोक, म्हणजे पारंपरिक कोरियन घर. त्यांनी त्याची मापं घेतली आणि फिकट हिरव्या, आरपार दिसणाऱ्या रेशमात ते अख्खं शिवून काढलं. घडी घातली की बॅगेत मावतं. ज्या शहरात ते मांडलं जातं, त्याचं नाव कलाकृतीच्या नावाला जोडलं जातं.

‘भाषा विसरले’ हा आरोप मला सगळ्यात जास्त लागतो. लेखिका आणि कलाकार थेरेसा हाक क्युंग चा १९५१ साली बुसानमध्ये जन्मल्या, लहानपणीच अमेरिकेत गेल्या. त्यांची आई मांचुरियात वाढली. जपानी राजवटीत तिथे मायबोली चोरून बोलावी लागे. म्हणजे भाषेवरचा घाव मुलीच्या स्थलांतराआधीचा. चा यांचं १९८२चं पुस्तक ‘डिक्टी’ इंग्रजी-फ्रेंचमध्ये आहे, पण सुरुवातीलाच भिंतीवर ओरखडलेल्या कोरियन अक्षरांचा फोटो आहे: आईची आठवण, भूक, गावाची ओढ. पुस्तकभर कोरियन लिपी तेवढीच. विसरलेल्या माणसाला ती ओळ तिथे ठेवावीशी वाटली असती का?

‘देश सोडला’? कोरियन युद्धानंतर सुमारे २ लाख मुलं परदेशात दत्तक दिली गेली असा अंदाज आहे. पाळण्यातल्या बाळानं काय सोडायचं? आईवडील हयात असताना कित्येकांच्या कागदांवर ‘अनाथ’ लिहिलं गेलं. मार्च २०२५मध्ये दक्षिण कोरियाच्याच सत्यशोधन आयोगानं या व्यवहारात मुलांच्या हक्कांची पायमल्ली झाल्याचं आणि त्याला सरकार जबाबदार असल्याचं म्हटलं.

राहिली ‘मोडतोड’. कलाकार जेन जिन कायसेन १९८० साली दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर जन्मल्या आणि डेन्मार्कमध्ये दत्तक गेल्या. २०१९च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, कोरियाच्याच दालनात, त्यांनी बारी राजकन्येची जुनी कोरियन लोककथा मांडली. बारी सातवी मुलगी, मुलगी म्हणूनच टाकून दिलेली. पुढे तीच परलोकात जाऊन मरणाऱ्या आईबापांसाठी संजीवन पाणी आणते. ही कथा एरवी लेकीच्या कर्तव्याची म्हणून सांगितली जाते. कायसेन मात्र टाकून दिल्याच्या क्षणावर थांबतात. दत्तक गेलेल्या मुली, युद्ध आणि फाळणीनं विस्थापित झालेल्या बायका त्यांना तिच्यात दिसतात. ही मोडतोड कशी? ही कथा शमन बायकांनी, म्हणजे देव-आत्म्यांशी संवाद साधणाऱ्या विधीकर्त्या बायकांनी, तोंडी जपली, म्हणून तिची रूपं मुळातच अनेक आहेत.

आणि त्या कथेतला शेवट तर जुनाच आहे. राजा बरा होऊन अर्धं राज्य देऊ करतो. बारी ते घेत नाही. ती जिवंत आणि मृत यांच्या सीमेवर राहते, वाट चुकलेल्या आत्म्यांना पलीकडे पोचवायला.