सात बारची झुळूक

वर्कशॉपमध्ये फुकट मिळणारी एकच गोष्ट, कॉम्प्रेसरची हवा. कटिंग टूलच्या इन्सर्टला पैसे पडतात, कूलंटला पडतात, हेल्परसुद्धा चहा मागतो. हवेला कोण विचारतो? तेव्हा तिला घाबरण्याचं काही कारण नाही. पुढं सांगतो तसं वागा.

एप्रिलात पत्र्याच्या शेडखाली जीव कासावीस झाला की एअर गन, म्हणजे हवेच्या नळीची तोटी, उचला, कॉलर ओढा आणि आत हवा सोडा. लाइनला 7 बार दाब असतो, म्हणजे शंभरेक पीएसआय, दर चौरस इंचाला शंभरेक पौंड. सातबाराशी याचा संबंध नाही, पण हेळसांड केलीत तर वारसांना तुमच्या सातबारावर नाव चढवायची वेळ लवकर येते, एवढंच. अंगावर जखम असेल तर झाकू नका, हवेला रक्तात शिरायला दार लागतंच. अमेरिकेतला सरकारी नियम म्हणतो की साफसफाईची हवा 30 पीएसआयच्या खाली ठेवा, धातूच्या उडत्या चिप्सना आडोसा करा, चष्मा घाला. त्यांना आपला एप्रिल काय ठाऊक!

चष्मा तर घालूच नका. मीही घातला नव्हता. जॉबच्या, म्हणजे मशीनवर घडवायच्या तुकड्याच्या, ब्लाइंड होलमध्ये चिप्स आणि कूलंट साचलं होतं. नोझल भोकाला टेकवलं आणि दाबलं. भोकाला तळ असतो, त्यामुळे हवा गेल्या वाटेनं परत येते आणि येताना आतलं सगळं बरोबर आणते, हे आयटीआयत शिकवलं असणार. मी त्या दिवशी कँटीनमध्ये असेन. रात्रभर डोळ्यात वाळू खुपत होती. सकाळी डॉक्टरांनी थेंब टाकून डोळा बधिर केला आणि सुईच्या टोकानं एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, कण काढला. मग म्हणाले, "कण निघाला, पण भोवती गंज धरलाय. तो खरवडावा लागेल." एका रात्रीत बुबुळावर गंज! आमच्या शेडचा पत्राही इतकी घाई करत नाही.

गंजावरून कॉम्प्रेसरची हवेची टाकी आठवली. तिच्या बुडाला ड्रेन कॉक असतो. तो उघडू नका, आतून कोऱ्या चहासारखं तांबडं पाणी येतं आणि फरशी खराब होते. राहू दे आत. टाकीचा पत्रा आतून हळूहळू पातळ होतो, बाहेरून रंग झकास दिसतो. 40 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर 7 बारला नऊ टनांच्या आसपास जोर बसतो, पण टाकी काही बोलत नाही. बोलतो तो सेफ्टी व्हॉल्व्ह. सारखा फुसफुसत असेल तर काढून तिथं प्लग आवळा. कटकट संपली.

नळीला क्लिप नको, बाइंडिंग वायरचे दोन वेढे पुरे. सुटली तर ती नागासारखी फणा काढून शेडभर नाचते. तेव्हा धावत जाऊन तोंडाला धरा. मागचा व्हॉल्व्ह बंद करणं भित्र्यांचं काम.

आणि मस्करी. वाकून काम करणाऱ्या पोराला मागून गन लावायची, पँटवरूनच तर लावायचीय. आतडं फाटायला एखाददोन सेकंद पुरतात. पोरगा पोट धरून खाली बसतो तरी सगळे हसत असतात, कारण फाटलेलं बाहेरून दिसत नाही. आपल्या देशात अशी पोरं गेलीत. "मित्रच होता हो, गंमत केली," असं पोलीस ठाण्यात सांगायची तयारी मात्र आधीच ठेवा.

खंडेनवमीला कॉम्प्रेसर पुसा, हळदकुंकू लावा, नारळ फोडा. झेंडूचा हार नेमका प्रेशर गेजवर येईल असा घाला. नाहीतरी त्याचा काटा तीन वर्षं सहावरच आहे, मोटार बंद असली तरी.