तपकिरी रंग फासला म्हणजे तलवार जुनी होत नाही

"थर्माकोलचं पातं कापा, चंदेरी स्प्रे मारा, वर सगळीकडे तपकिरी रंग फासा आणि शेवटी वॉर्निश. झाली शिवकालीन तलवार!" गॅदरिंगचा मोसम आला की हा पाच मिनिटांचा तोडगा या फोनवरून त्या फोनवर फिरू लागतो.

थर्माकोलचं आधी. स्प्रेतलं थिनर ते खातं. बघताबघता पात्याला खड्डे पडतात. त्यापेक्षा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, घ्या.

"चंदेरी म्हणजे पोलाद." नाही. चंदेरी रंगात सहसा ॲल्युमिनियमची पूड असते, त्यामुळे पातं नव्या टोपासारखं दिसतं आणि स्टेजच्या दिव्यात नुसती पांढरी पट्टी. पोलाद त्याहून काळपट. काळा मॅट, म्हणजे बिनचमकीचा, हात द्या, वाळल्यावर 6बी पेन्सिलीच्या शिशाची पूड कापडाने घासा. चंदेरी फक्त धारेला, तेही ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा झाल्यावर.

आता गंज. सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे. वापरातली तलवार पुसली जायची, तिला तेल लागायचं. गंज धरायचा तो फडकं पोचत नाही तिथे: मूठ आणि पातं जुळतात त्या सांध्यात, खिळ्यांच्या कडेला. म्हणून रंगही तिथेच. तोही एकच तपकिरी नव्हे. ताजा गंज नारिंगी, जुना काळपट. रंगात चिमूटभर खायचा सोडा मिसळला की गंजाचा खरखरीतपणा येतो.

आणि पितळी मुठीवर गंज दाखवणाऱ्यांना तर हात जोडावेत! गंज लोखंडाचा. पितळ काळवंडतं, खाचांत हिरवट होतं. घरातली चिंचेने घासलेली समई बघा: उंचवटे लखलखीत, खाचा काळ्या. मुठीवर नेमकं हेच करायचं. पातळ काळसर रंग लावून लगेच पुसून घ्या, खाचांत उरेल तेवढा उरू द्या. जिथे मूठ आवळली जाते तिथे उलट चमक वाढवा, कारण हाताने धातू झिजतो तसा उजळतोही.

राहिलं वॉर्निश. चकचकीत मारलं तर गंज ओला दिसतो, मॅट मारलं तर शिशाची झळाळी मरते. मॅट फक्त गंजावर लावा, पातं उघडं ठेवा. फक्त नटांना आधी बजावा. आमच्या एका मावळ्याने पातं काखेत धरलं आणि दुसऱ्या अंकापर्यंत त्याचा पांढरा अंगरखा एका बाजूने राखाडी झाला.