शेतपंपाच्या फुकट विजेवर स्कूटर: एका फिरत्या संदेशाचा समाचार

वर्धा जिल्ह्यातील आर्वी-पुलगाव पट्ट्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचा मथितार्थ असा की, सरकार इलेक्ट्रिक स्कूटरचे अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात टाकणार आहे, त्यासाठी दिलेल्या लिंकवर आधार क्रमांक टाकून ४९९ रुपये 'फाईल चार्ज' भरायचा आहे, गाडीला पासिंग आणि लायसन लागत नाही आणि शेतपंपाची वीज माफ असल्यामुळे गाडी वावरातच चार्ज केली की जन्मभर एक पैसाही खर्च नाही. एरवी असे संदेश मी पुसून मोकळा होतो, परंतु माझ्या आतेभावाने पंपाच्या पेटीतून वायर काढून देण्यासाठी वायरमनला निरोप धाडल्याचे कळले, तेव्हा गप्प बसणे शक्य झाले नाही.

म्हणून आधी तोच मुद्दा घेतो. २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल शासन भरते, एवढा भाग खरा आहे. परंतु शासन जे बिल भरते ते पाणी ओढण्यासाठी लागणाऱ्या विजेचे, कारण जोडणी त्याच कामासाठी मंजूर झालेली असते. वीज कायदा, २००३ मधील कलम १२६ याबाबत कोणतीही शंका ठेवत नाही: ज्या कारणासाठी वीज मंजूर झाली त्याहून वेगळ्या कारणासाठी ती वापरणे हा अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. असा वापर केव्हापासून चालू होता हे ठरवता आले नाही, तर तपासणीच्या आधीचे बारा महिने धरता येतात. आपल्याकडे कितीतरी पंपांना मीटरच नाही, आणि प्राथमिक आकारणी अधिकाऱ्याने आपल्या अंदाजानेच करावी अशी कायद्यातच सोय आहे. तो आकडा मान्य नसेल तर कलम १२७ खाली अपील करता येते, मात्र त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. प्रकरण कलम १३५ मध्ये, म्हणजे वीजचोरीत नेले गेले, तर बिलाबरोबर गुन्हाही मागे लागतो.

आणि हा सगळा धोका पत्करून वाचते तरी काय? तीन युनिटांची बॅटरी पूर्ण भरायला गळती धरून साडेतीन युनिटे लागतात. दहा रुपये युनिट असा चढा दर धरला तरी पस्तीस रुपये होतात आणि तेवढ्यात गाडी ऐंशी-नव्वद किलोमीटर जाते. इतक्या अंतराला पेट्रोलचे दीड-दोनशे रुपये सहज लागतात, म्हणजे खरी बचत घरच्या मीटरवर चार्ज करूनही पदरात पडतेच. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरी असलेल्या जोडणीवरच गाडी चार्ज करता येते, त्यासाठी वेगळे मीटर घ्यावे लागत नाही.

शिवाय पंपाच्या पेटीत तीन फेज येतात. कोणत्याही दोन फेजमध्ये ४१५ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि स्कूटरचा चार्जर २३० व्होल्टसाठी बनवलेला असतो. रातपाळीची लाईन आली असताना, ओल्या धुऱ्यावर, टॉर्चच्या उजेडात चुकीच्या दोन स्क्रूंना वायर लागली तर चार्जर जळेल, आणि जळण्याचे काम चार्जरपाशीच थांबेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

आता लिंकविषयी. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह या इलेक्ट्रिक वाहनांच्या योजनेतले दुचाकीचे अनुदान खात्यात जमा होत नसे, ते विक्रेत्याकडेच किमतीतून वजा केले जात असे. आधारची चेहरा-पडताळणी झाल्यावर ई-व्हाउचर, म्हणजे अनुदानाची डिजिटल चिठ्ठी, ग्राहकाच्या मोबाईलवर येत असे आणि त्यावर ग्राहक व विक्रेता दोघांच्या सह्या होत असत. हे अनुदान पहिल्या वर्षी बॅटरीच्या प्रति किलोवॉट-तास (म्हणजे प्रति युनिट) क्षमतेला ५,००० रुपये आणि गाडीमागे जास्तीत जास्त १०,००० रुपये होते, १ एप्रिल २०२५ पासून ते निम्मे झाले. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात दुचाकीला मूळ किमतीच्या दहा टक्के, कमाल १०,००० रुपये अशी तरतूद आहे. या दोन्हींत 'फाईल चार्ज' नावाचा प्रकार कुठेही नाही, त्यामुळे असा चार्ज मागणाऱ्याला आधार क्रमांक देणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली देणे होय.

पासिंग आणि लायसनचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या आणि २५० वॉटहून कमी शक्तीच्या गाडीला नोंदणी आणि लायसन लागत नाही. मात्र अशा गाडीला हे अनुदानही मिळत नाही, म्हणजे संदेशाने एका गाडीची सूट दुसऱ्या गाडीच्या गळ्यात बांधली आहे. अनुदानपात्र स्कूटरला हिरवी नंबर प्लेट, विमा आणि चालकाला लायसन हे सर्व लागते. तिला सवलत आहे ती मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्क यांतून.

संदेशाच्या शेवटी समृद्धी महामार्गावरील टोलमाफीचाही डंका पिटला आहे. माफी खरी आहे, पण ती चारचाकी आणि बससाठी. दुचाकीला त्या रस्त्यावर मुळात प्रवेशच नाही. शेतकऱ्याच्या खऱ्या उपयोगाची तरतूद, म्हणजे इलेक्ट्रिक ट्रॅक्टरला दीड लाख रुपयांपर्यंतचे प्रोत्साहन, राज्याच्या त्याच धोरणात आहे आणि संदेश लिहिणाऱ्याने नेमकी तीच गाळली आहे.