बाळ्याचा पिवळा दिवा आणि वैजूचा दहा-अकरा

तर काल कट्ट्यावर तो विषय शेवटी निघालाच. बाळ्याची म्हातारी परत पेटलीय. म्हणजे गाडी नाही हो, दिवा, तोच तो इंजिनाचं चित्र असलेला पिवळा. मागच्या वेळचं रामायण सगळ्यांना पाठ आहे, गॅरेजवाल्याने एक सेन्सर बदलला, मग दुसरा बदलला, मग म्हणाला आता वायरिंग सोडवावं लागेल, आणि तिसऱ्या दिवशी दिवा आपोआप गेला तेव्हा त्याचं क्रेडिट पण त्यानेच घेतलं. आठवड्याने परत हजर. त्यामुळे बाळ्याने आल्या आल्या जाहीर केलं की आता मी स्वतःचा स्कॅनर घेणार, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून बिघाडाचा कोड वाचतो ते यंत्र, परवडेल असा, आणि तुम्ही सगळे मिळून दहा मिनिटांत सांगा कुठला.

दहा मिनिटांत. आमच्या कट्ट्यावर.

नान्याने लगेच घसा साफ केला. ज्यांना नान्या माहीत नाही त्यांच्यासाठी, नान्या मोबाइलचं कव्हर घेताना पण तीन आठवडे रिव्ह्यू बघतो आणि शेवटी सगळ्यात महाग घेतो. "हे बघ बाळ्या, घ्यायचं तर टॉपचं, नाहीतर घेऊच नये. माझा बघ. टॅबलेट टाइप. इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग, सगळं वाचतो. आणि नुसतं वाचत नाही, हुकूम पण देतो. स्क्रीनवर बटन दाबलं की रेडिएटरचा पंखा फिरतो!"

"पंखा फिरवायला माझ्या घरी भिंतीवर बटन आहे," वैजू म्हणाली.

"तुला कळत नाही, त्याला बायडायरेक्शनल म्हणतात."

"कळतं. गॅरेज टाकणाऱ्याला लागतंच ते. तुझ्या गाडीची वॉरंटी संपली का रे?"

"नाही अजून."

"आणि त्या टॅबलेटच्या अपडेटची मुदत?"

"ती... संपली. दीड वर्ष झालं."

म्हणजे गाडी वॉरंटीत आणि स्कॅनर वॉरंटीबाहेर, असा माणूस जगात एकच असेल आणि तो आमच्या कट्ट्यावर बसतो. त्याने ती काळी पेटी फक्त एकदा उघडली होती, आम्हाला दाखवायला, तेही हात लावू नका म्हणत.

तेवढ्यात पक्याने खिशातून त्याचा तो निळा पारदर्शक ठोकळा, मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा स्वस्तातला स्कॅनर, काढून कठड्यावर ठेवला, विमानाचं तिकीट काढावं तशा ऐटीत. "हे घे. विषय संपला. आत सगळ्यांच्या तीच चिप असते, ईएलएम ३२७, वर फक्त नावं वेगळी छापतात. आणि हे २.१ व्हर्जन आहे, १.५ नाही काही."

वैजूने तो ठोकळा उचलून दिव्याखाली उलटासुलटा केला. आता वैजूचं सांगतो, तिची स्वतःची गाडी बाळ्याच्या गाडीपेक्षा दोन वर्षांनी म्हातारी आहे आणि ती अजून एकदाही टो होऊन आलेली नाही, त्यामुळे या विषयात मी कुणाच्या बाजूने आहे ते लपवायचं काही कारण नाही. म्हणाली, "पक्या, ती चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. पहिल्या व्हर्जनला त्यांनी कॉपी प्रोटेक्शन लावलंच नाही, लोकांनी ती उतरवून घेतली आणि तिथून हे पीक आलं. १.५ नावाचं व्हर्जन एल्मने कधी काढलंच नव्हतं, तरी बाजारात ढिगाने मिळतं. तुझं २.१ तर आणखी गमतीचं, आकडा मोठा केला आणि आतले बरेच कमांड काढून टाकले, असे कितीतरी निघतात."

"चालतं की पण!"

"नव्या गाडीवर चालतं. गाडीचा कॉम्प्युटर स्कॅनरशी ज्या भाषेत बोलतो तिला प्रोटोकॉल म्हणतात, नव्या गाड्या कॅन नावाच्या प्रोटोकॉलवर बोलतात, ते सोपं. अमेरिकेत २००८ पासून तर कॅनच सक्तीचं आहे. त्याआधीच्या गाड्या कुणी के-लाइन नावाच्या जुन्या भाषेत बोलतात, कुणी आणखी कशावर, आणि हे स्वस्त ठोकळे तिथेच बरोबर मुके होतात. म्हणजे ज्याची गाडी जुनी, म्हणजे ज्याला स्कॅनरची खरी गरज, त्याच्याच गाडीवर हे चालेल की नाही सांगता येत नाही. तू फक्त प्रोटोकॉल बघ बाळ्या. सगळे, म्हणजे जुने पण चालतात असं खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घे."

बाळ्याने विचारलं की मुळात माझ्या गाडीत ते ओबीडी-टू, म्हणजे कुठलाही स्कॅनर वाचू शकेल अशी ती ठरलेली पद्धत, आहे का. हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायचा पण आमच्याकडे सगळ्यात आधी नान्या बोलतो. तर अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचं, युरोपात पेट्रोलला २००१ आणि डिझेलला २००४, बाकी ठिकाणी ज्याचं त्याचं साल वेगळं. आणि नुसतं सोळा पिनांचं सॉकेट दिसलं म्हणून हुरळून जायचं नाही असं वैजू म्हणाली, काही जुन्या गाड्यांना सॉकेट तेच पण आत कंपनीची स्वतःची भाषा, बॉनेटखालचं स्टिकर आणि मॅन्युअल वाचायचं आणि मगच पैसे काढायचे.

मॅन्युअल म्हटल्यावर बाळ्या हसला. मॅन्युअल मागच्या मालकाकडेच राहिलंय.

"बोलत काय बसलाय, लावून बघू ना," पक्या उठला, आणि सगळी वरात म्हातारीकडे. मग दहा मिनिटं सॉकेट शोधण्यात. बाळ्या स्टिअरिंगखाली डोकं घालून उलटा, पाय बाहेर, मी मोबाइलचा टॉर्च धरलेला, नान्या बाहेरून सूचना देतोय "डावीकडे असतं, डावीकडे", आणि ते निघालं उजवीकडे, सुट्टे पैसे ठेवायच्या कप्प्यामागे. पक्याने ठोकळा लावला. दिवे लुकलुकले. बाळ्याने आयफोन काढला आणि ब्लूटूथमध्ये ते काही दिसेचना. बंद करून चालू, परत बंद करून चालू, पक्याचं "थांब थांब येतंय". वैजू दाराला टेकून बघत होती, शेवटी म्हणाली, "आयफोनला हे साधं ब्लूटूथ जमत नाही रे, वायफायचं नाहीतर बीएलईचं, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचं, लागतं." मग माझ्या अँड्रॉइडवर प्रयत्न. जोडलं गेलं. ॲप म्हणालं, गाडीशी संपर्क होत नाही.

"गाडीच खराब आहे," पक्या.

इथे मला राहवलं नाही. मागच्या थंडीत याच ठोकळ्याने पक्याची बॅटरी झोपवली होती आणि पहाटे साडेपाचला आम्ही चौघांनी ती गाडी ढकललीय. ठोकळा लावला आणि पंधरा दिवस गावाला गेला. सॉकेटच्या सोळा नंबरच्या पिनेला बॅटरीचा करंट कायम असतो, चावी काढली तरी, आणि तो ठोकळा आत बसून रात्रंदिवस थोडं थोडं पीत राहतो. पक्या म्हणतो बॅटरीच जुनी होती. बॅटरी जुनी होती हे खरं आहे. ढकलताना नान्याने हात फक्त टेकवला होता हेही खरं आहे, मी शेजारीच होतो.

एवढं होईपर्यंत वैजूने तिच्या गाडीतून तिचा आणला. वायरवाला, पाटीपेन्सिलच्या पाटीएवढा पण नाही, छोटा स्क्रीन, चार बटनं, एका कोपऱ्याला चिकटपट्टी. ब्लूटूथ नाही, ॲप नाही, वर्गणी नाही. एबीएस वाचत नाही, एअरबॅग वाचत नाही, ते दिवे लागले की मी गॅरेजलाच जाते असं तिनेच आधी सांगून टाकलं. लावला, किल्ली फिरवली, अर्ध्या मिनिटात कोड. पी०१७१.

नान्याने मोबाइलवर शोधून विजयी मुद्रेने वाचलं, "सिस्टिम टू लीन! म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी! ऑक्सिजन सेन्सर! बदलून टाक."

"बेल वाजली की तू बेल बदलतोस का नान्या, की दारात कोण आलंय ते बघतोस?"

नान्याला उत्तर सुचेना म्हणून त्याने घड्याळ बघितलं. बाळ्या मात्र एकदम गंभीर, कारण मागच्या वेळी दोन बेला बदलण्याचे पैसे त्यानेच दिलेत.

मग वैजूने दिवा लागला त्या क्षणाची नोंद काढली, फ्रीज फ्रेम म्हणतात ती. आरपीएम ७८०, स्पीड शून्य, कूलंट ८९ अंश. "म्हणजे इंजिन गरम, गाडी सिग्नलला उभी. आता चालू कर." बाळ्याने चालू केली. स्क्रीनवर दोन आकडे, शॉर्ट ट्रिम ६ आणि लाँग ट्रिम १८. कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के जास्तीचं सोडतोय ते हे, बेरीज करायची, पाचदहाच्या आत असेल तर झोपायला जायचं. ही चोवीस. "आता रेस दे, अडीच हजारावर धरून ठेव." म्हातारी घरघरली, आणि आम्ही सगळे त्या चार बोटांच्या स्क्रीनवर वाकलेलो, आकडे उतरायला लागले. एकवीस, चौदा, नऊ. पाचवर थांबले.

"हवा ओढतेय कुठूनतरी," वैजू. "भोक तेवढंच राहतं. स्लोला इंजिन हवाच कमी घेतं, तेव्हा भोकातली चोरटी हवा जाणवते. रेस दिली की खरी हवाच इतकी येते की त्यात ती चोरटी हरवून जाते. पेट्रोल पंप नाहीतर फिल्टर दमला असता तर उलटं झालं असतं, रेस दिल्यावर आकडा वर गेला असता. बाळ्या, स्कॅनर घेताना एवढं बघ, हे आकडे दाखवतो का आणि फ्रीज फ्रेम दाखवतो का. नुसता कोड दाखवणारा कितीही स्वस्त मिळाला तरी महागच."

"पण दिवा विझवून टाक ना," पक्या अजून तिथेच. "बटन आहे की त्यावर. काम झालं."

"विझवला की ही नोंद पण पुसली जाते. आणि गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पहिल्यापासून सुरू होतात, जिथे धुराच्या तपासणीला हेच सॉकेट वाचतात तिथे गाडी परत पाठवतात, आधी चालवून आणा म्हणून. आणि विझायचं म्हणशील तर लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर तो आपोआप पण विझतो."

बाळ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे त्या गॅरेजवाल्याने..."

"तो काही खोटं बोलला नसेल. त्याला पण वाटलं असेल आपणच केलं."

बॉनेट उघडलं. वैजूने कान लावला, मग हात घातला आत इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या भागाच्या मागे, आणि एक रबरी नळी चिमटीत दाबली. इंजिनाचा आवाज बदलला. मलासुद्धा कळलं, आणि मला गाडीतलं काही कळत नाही. नळी वळणावर तडकलेली, करंगळीचं नख जाईल एवढी. दाबलेली ठेवली आणि मी स्क्रीन वाचून दाखवत होतो, शॉर्ट ट्रिम खाली, खाली, मायनसमध्ये. टाळ्या वाजवल्या बाळ्याने, खरोखर.

"तडकलेला तुकडा कापून खाली ओढून बसवू, लांबी पुरेल आजच्यापुरती. आधी हा ब्रॅकेट काढायला लागेल. दहाचा बोल्ट आहे. दहा-अकराचा पाना द्या कुणीतरी."

शांतता. सगळ्यांनी पक्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?"

"दोन वर्षं झाली पक्या," वैजू म्हणाली. "सायकलचं सीट वर करायचंय, लगेच आणतो म्हणाला होतास."

"अरे तो मी... तो मी नान्याला दिला होता!"

नान्या म्हणाला शक्यच नाही. मग म्हणाला एक मिनिट. मग हळूच म्हणाला की त्या स्कॅनरच्या पेटीत फोममध्ये एक खाच मोकळी होती, ती बरी दिसत नव्हती.

हसून हसून बाळ्या मडगार्डवर बसला. नान्या गेला पेटी आणायला, आणि येऊन बॉनेटवर ठेवून त्याने ती उघडली, आत टॅबलेट, आठ प्रकारचे कनेक्टर, सगळ्यांवर प्लॅस्टिक तसंच, आणि मधोमध मखमलीत झोपवल्यासारखा वैजूचा दहा-अकरा.

"घे बाळ्या," वैजूने पाना उचलून त्याच्या हातात दिला, "नान्याच्या टॉपच्या स्कॅनरमधलं चालणारं तेवढं हेच."

"पण मी कुठला घेऊ ते सांगा ना रे," बाळ्या विचारत होता, बोल्ट सोडवता सोडवता, पण तोवर पक्या आणि नान्याचं सुरू झालं होतं की पाना नेमका दिला कोणी होता आणि मागितला कोणी होता.